चार भाषा बोलतो, एकही धड लिहीत नाही

आपल्या समाजातल्या तरुणांच्या भाषांची यादी केली तर कुणीही तोंडात बोट घालेल. घरात दखनी किंवा कोकणी, गल्लीत मराठी, मोबाइलवर हिंदी, मकतबमध्ये अरबी, शाळेत उर्दू नाहीतर इंग्रजी. युरोपातला एखादा मुलगा तीन भाषा बोलतो तेव्हा आपण त्याचे व्हिडिओ एकमेकांना पाठवतो. आपल्याकडचा गॅरेजमधला पोरगा पाच भाषांत गिऱ्हाईक सांभाळतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

पण याच पोराला म्हणा, नगरपालिकेला पाणी येत नाही म्हणून एक पानाचा अर्ज लिही, कुठल्याही भाषेत. बहुतेक वेळा तो पेन बाजूला ठेवतो आणि म्हणतो, "भाई, तुम्हीच लिहून द्या."

माझा मुद्दा एवढाच आहे. आपण बोलण्यात चार भाषांचे धनी आहोत आणि लिहिण्यात एकीचेही नाही. बोलण्यातली भाषा लेखणीत उतरते ती आठवी ते बारावी या पाच वर्षांत. नेमक्या त्याच पाच वर्षांत शाळा, पालक आणि आपण स्वतः मिळून एकेक भाषा खाली टाकत जातो. दोष मुलांच्या बुद्धीचा नाही, निवडीचा आहे, आणि ही निवड बदलता येते.

"तुम्ही मराठी इतकं छान कसं बोलता?"

हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकला आहे. विचारणारा कौतुकानेच विचारतो, पण त्यामागचं गृहीतक असं की मुसलमानाची भाषा उर्दू आणि मराठी त्याने कुठून तरी उसनी आणलेली.

२०११ची जनगणना पाहू. महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख, त्यात मुस्लिम सुमारे १ कोटी ३० लाख. उर्दू ही मातृभाषा सांगणारे सुमारे ७५ लाख. म्हणजे राज्यातल्या दर दहा मुसलमानांपैकी साधारण चौघांनी मातृभाषा म्हणून उर्दू सांगितलेलीच नाही. आणि ज्यांनी उर्दू सांगितली त्यातल्या असंख्य घरांत प्रत्यक्षात दखनी बोलली जाते. तिच्यात 'मैंच', 'अबीच' असा जो 'च' येतो तो सरळ मराठीतून आलेला आहे. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला तो मराठीत. मराठी आपल्याला कुणी दिलेली नाही, ती इथल्या प्रत्येकाइतकीच आपलीही आहे.

बाहेरच्यांना हे सुनवायला आपल्याला आवडतं, आणि सुनवलंही पाहिजे. पण घरात आपण काय करतो? मुलगी मराठी माध्यमात गेली की खाला विचारते, "उर्दू नहीं पढ़ाते क्या बच्ची को?" मुलगा उर्दू माध्यमात असला की चाचा म्हणतात, "मराठी सीखके क्या करेगा, पास होने पुरती आली बस." इंग्रजी माध्यमात घातलं की दोन्हींवर पाणी सोडायचं आणि वर अभिमानाने सांगायचं की आमच्या मुलाला मराठी वाचताच येत नाही. बाहेरचा माणूस आपल्याला एका भाषेच्या खुंट्याला बांधतो म्हणून आपण चिडतो, आणि घरात तेच काम आपण स्वतः करतो. एक भाषा घेतली की दुसरी सोडावी लागते, ही समजूत कुणी कुठून आणली हे मला आजवर कळलेलं नाही.

बोलणं वेगळं, लिहिणं वेगळं

जिम कमिन्स नावाच्या कॅनडातल्या अभ्यासकाने १९७९च्या सुमारास एक साधा फरक दाखवून दिला. मैदानावरची, गप्पांची भाषा मूल साधारण दोन वर्षांत उचलतं. पुस्तकातली भाषा, म्हणजे कारण सांगणारी, तुलना करणारी, नियम आणि अपवाद मांडणारी भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. म्हणून शिक्षक फसतात. मूल फडफड बोलतं, त्यामुळे भाषा आली असं त्यांना वाटतं. आणि दहावीत गणिताचं शाब्दिक उदाहरण पुढे आलं की तेच मूल अडकतं.

कमिन्सचा दुसरा मुद्दा आपल्या जास्त कामाचा आहे. एका भाषेत विचार मांडायला शिकलेलं मूल ते कौशल्य दुसऱ्या भाषेत घेऊन जातं. परिच्छेद कसा बांधावा, कारण आधी की परिणाम आधी, हे एकदाच शिकावं लागतं. म्हणजे चांगली उर्दू लिहिणाऱ्याची मराठी सुधारते, बिघडत नाही. मी प्रोग्रामर आहे, मला हे रोज दिसतं. एक प्रोग्रामिंग भाषा नीट शिकलेल्याला दुसरी काही आठवड्यांत येते. पाच भाषांची तोंडओळख असलेल्याला कशातच प्रोग्राम लिहिता येत नाही.

आता आपल्याकडची तीन प्रकारची मुलं डोळ्यांसमोर आणा.

पहिला, उर्दू माध्यमाचा. उर्दू वाचतो, लिहितो. मराठी हा त्याच्यासाठी गाईड पाठ करून सोडवायचा पेपर. निबंध पाठ, पत्राचा नमुना पाठ, म्हणी पाठ. शाळेतून बाहेर पडताना हातात मराठीत उत्तीर्ण झाल्याची गुणपत्रिका, आणि तहसील कचेरीतला फलक मात्र अडखळत वाचणार.

दुसरी, मराठी माध्यमाची. मराठी तिची उत्तम. अम्मीशी दखनीत बोलते, पण नानीने जपून ठेवलेली उर्दू पुस्तकं तिच्यासाठी नुसती नक्षी. तिला अरबी लिपी येते, कारण कुरआन वाचलेलं आहे. उर्दूची लिपी त्याच कुळातली, थोडी जास्त अक्षरं आणि वळण वेगळं. म्हणजे ती उर्दूपासून काही महिन्यांच्या अंतरावर उभी आहे, पण हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

तिसरा, इंग्रजी माध्यमाचा. घरची भाषा बोलण्यापुरती, मराठी कायद्याने शिकवावी लागते म्हणून. २०२०च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, पण सक्तीने तासिका भरते, भाषा येत नाही. त्याची इंग्रजी तरी चांगली आहे का? घरात कुणी इंग्रजी बोलत नाही, शाळेत फळ्यावरचं उतरवून घेतात. नोकरीसाठी येणारे किती तरी तरुण मी मुलाखतीत पाहिले आहेत. प्रोग्राम बरोबर लिहितात, पण तो असाच का लिहिला हे सलग चार वाक्यांत सांगता येत नाही. इंग्रजीत नाही, आणि "बरं, मराठीत सांगा" म्हटलं तर मराठीतही नाही.

यावर कळस अकरावी-बारावीत. विज्ञान शाखेत दुसऱ्या भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान हा विषय घेता येतो. गुण चांगले पडतात, म्हणून मुलं धडाधड तो घेतात. मी संगणकावर पोट भरणारा माणूस आहे आणि तरी सांगतो, हा सौदा तोट्याचा आहे. त्या दोन वर्षांत तंत्रज्ञानाचं जे शिकाल ते पुढे पाच वर्षांत जुनं होईल. त्याच्या बदल्यात जी भाषा सोडली ती वयाच्या तिशीत पुन्हा हाती धरायला फार कष्ट पडतात.

किंमत कोण मोजतो?

पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत मराठी व्याकरणाचे प्रश्न असतात. तलाठी भरतीत मराठी हा स्वतंत्र विभाग असतो. राज्यसेवेच्या परीक्षेत मराठीचा अनिवार्य पेपर असतो. पोलिसांत आपण कमी, महसुलात कमी, मंत्रालयात कमी, हे आपण सभांमधून नेहमी ऐकतो. भेदभाव आहेच, मी तो नाकारत नाही. पण भेदभावाविरुद्ध लढायला आधी मैदानात उतरावं लागतं, आणि मैदानाचं दार मराठी व्याकरणाच्या पेपरातून जातं. तो पेपर काही कुणी आपल्या विरोधात काढलेला नाही.

नोकरी सोडा, साधं नागरिक म्हणून जगणं घ्या. सातबारा मराठीत. फेरफाराची नोटीस मराठीत. पोलीस ठाण्यात फिर्याद लिहिली जाते मराठीत. ती फिर्यादीला वाचून दाखवावी, सही घ्यावी आणि प्रत मोफत द्यावी असा कायदा आहे. पण वाचून दाखवलेलं आणि लिहिलेलं एकच आहे का, हे ज्याला स्वतः वाचता येतं त्यालाच कळणार. माहितीच्या अधिकाराचा अर्ज मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत करता येतो, शुल्क दहा रुपये. दहा रुपयांत सरकारला प्रश्न विचारायची सोय आहे, आणि आपण त्यासाठी एजंटाला पाचशे रुपये देतो. हा आपण स्वतःवर लावून घेतलेला कर आहे.

उर्दू माध्यमाच्या मुलांना मी आवर्जून सांगतो की मराठी तुमच्यासाठी जितकी अवघड सांगितली जाते तितकी ती नाही. अर्ज, कायदा, वकील, तारीख, हजर, दाखला, सनद, जमीन, फौजदार, दप्तर, मुद्दा, जामीन हे कचेरीतले शब्द तुमच्याच घरातले आहेत. शतकानुशतकं फारसीतला कारभार मराठी मुलखात चालला, त्याची ही कमाई. मराठी मुलाला 'जामीन' हा शब्द पाठ करावा लागतो, तुम्हाला 'ज़ामिन' आधीपासून माहीत आहे. अडतं ते 'ळ'ला, तीन लिंगांना आणि विभक्तीला. ही वर्षभराच्या सरावाची गोष्ट आहे, जन्मभराची भीती नाही.

आणि जगाची भाषा?

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर शिकवायच्या परदेशी भाषांची उदाहरणं दिली आहेत : कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन. या यादीत अरबी नाही. १९७३पासून संयुक्त राष्ट्रांच्या कामकाजाची भाषा असलेली, कोकणातल्या गावोगावच्या घरांची चूल जिच्या मुलखातल्या पगारावर पेटते ती भाषा धोरणकर्त्यांना उदाहरणापुरतीही आठवली नाही. यावर आपण बोललं पाहिजे.

पण मग आपण तरी अरबी कुठे शिकतो? आपण अरबी वाचतो, समजून घेत नाही. लिपी येते, उच्चार घासूनपुसून घेतलेले आहेत. हे दोन टप्पे पार करायला परक्या विद्यार्थ्याला कित्येक महिने लागतात. शब्दही माहीत आहेत. क-त-ब या तीन अक्षरांतून किताब, कातिब, मकतब. इ-ल-म मधून आलिम, तालीम, मालूम. कातिब, आलिम, हाकिम, शाहिद, ज़ालिम : हा साचा करणाऱ्याचा. मकतब, मजलिस, मस्जिद, मंज़िल : हा साचा जागेचा. धातू घ्यायचा, साच्यात टाकायचा, शब्द बाहेर. प्रोग्रामरला याहून सुंदर काही दिसत नाही. दहा वर्षांच्या मुलाकडे एवढं भांडवल असतं, आणि आठवीत गेल्यावर मकतब सुटलं की ते तिथेच गोठतं. आखातात गेलेला आपला माणूस वीस वर्षं तिथे राबतो, करारावर सही करतो आणि करारात काय लिहिलंय हे दुसऱ्याला विचारतो. लिपी मात्र त्याला येत असते.

जर्मनचं पाहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी सुमारे दहा हजार कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, चालक : ही कामं आपल्या मोहल्ल्यातली पोरं-पोरी करतातच. अडथळा भाषेचा. परिचारिकेला तिथे पूर्ण मान्यतेने काम करायचं तर साधारणपणे 'बी-२' पातळीची जर्मन लागते. तिथवर पोहोचायला सहाशे ते आठशे तासिकांचा अभ्यास धरतात. करार झाल्यावर 'तीन महिन्यांत जर्मन' अशा पाट्या लागल्या, फीही सणसणीत. आता साधं गणित करा. आठवड्याला तीन तास, वर्षाला चाळीस आठवडे, आठवी ते बारावी पाच वर्षं. झाले सहाशे तास. जे पुढे कर्ज काढून घाईघाईत अर्धवट विकत घ्यायचं, ते शाळेत जवळपास फुकट पदरात पडलं असतं.

शहरातल्या बऱ्या शाळांत जर्मन-फ्रेंच असतं हे मला माहीत आहे. तिथे ते 'स्कोअरिंग' म्हणून घेतात. शंभरपैकी पंच्याण्णव गुण, आणि बारावीनंतर त्या भाषेत चहासुद्धा मागता येत नाही. आपल्याला तसली जर्मन नको, आणि तसली अरबीही नको. गुणांसाठी घेतलेली भाषा निकालाच्या दिवशी संपते.

ज्या तीन सबबी ऐकवल्या जातात

पहिली : "मुलांवर ओझं होतं." ओझं होतं ते पाठांतराचं. भाषेचा तास भाषेत घेतला, म्हणजे बोललं, वाचलं, लिहिलं, तर मूल थकत नाही. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी लादण्याविरुद्ध महाराष्ट्र उभा राहिला आणि सरकारला जूनअखेर निर्णय मागे घ्यावा लागला. सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा नको, हे म्हणणं रास्तच होतं. पण चौदा वर्षांच्या मुलाचं काय, हा प्रश्न त्या गदारोळात कुणी विचारला नाही. या वयात मूल नियम समजून घेऊ शकतं, तुलना करू शकतं, आणि त्याचा कानही अजून ताजा असतो.

दुसरी : "इंग्रजी आली की सगळं आलं." इंग्रजी हवीच, त्यावर वाद नाही. पण इंग्रजी आता सगळ्यांकडे आहे. जी सगळ्यांकडे आहे तिच्यामुळे तुम्ही रांगेत उभे राहता, रांगेतून पुढे जात नाही.

तिसरी मला माझ्या धंद्यामुळे रोज ऐकावी लागते : "आता एआय भाषांतर करतो की." करतो, मीही वापरतो. पण त्याने केलेली चूक तुम्हाला दिसते का? डॉक्टरने सांगितलेल्या औषधाचं, वकिलाने पाठवलेल्या नोटिशीचं भाषांतर चुकलं तर भोगणार यंत्र नाही. शिवाय यंत्र शिकतं लिहिलेल्या मजकुरातून. ज्या भाषेत माणसं लिहीत नाहीत ती यंत्रालाही येत नाही. दखनीला एक शब्द विचारून पाहा, ते हिंदीच्या दारात नेऊन सोडतं. आपण लिहिलं नाही तर उद्याच्या यंत्रांत आपण नसू.

मग करायचं काय?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाची गोष्ट सांगतो. तिथे १९९८ मध्ये मतदारांनी शाळांतलं द्विभाषिक शिक्षण जवळपास बंद पाडलं. स्थलांतरितांच्या मुलांची घरची भाषा म्हणजे अडचण, ही समजूत. शिक्षक आणि स्थलांतरितांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या संघटना हरल्या, पण घरी बसल्या नाहीत. त्यांनी एक छोटी मागणी लावून धरली : जो विद्यार्थी हायस्कूल संपताना इंग्रजीसह आणखी एका भाषेत वाचन, लेखन, संभाषण सिद्ध करेल त्याच्या प्रमाणपत्रावर तशी मोहोर उमटवा. २०११ मध्ये तसा कायदा झाला. आज अमेरिकेतल्या बहुतेक सगळ्या राज्यांत ही मोहोर मिळते. आणि २०१६ मध्ये त्याच कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९८चा निर्णय फिरवला. मोहोरेने एक केलं : घरात स्पॅनिश बोलणाऱ्या मजुराच्या मुलीची भाषा अडचण म्हणून नव्हे, पात्रता म्हणून मोजली जाऊ लागली.

आपल्या राज्य मंडळाकडे हीच मागणी करू या. बारावीच्या गुणपत्रिकेवर द्विभाषिकतेची मोहोर हवी. मराठी अधिक आणखी एक भाषा : उर्दू, गोंडी, कन्नड, गुजराती, अरबी, जर्मन, कुठलीही. पाठांतराने नव्हे, बोलून आणि लिहून सिद्ध केलेली. ही मागणी फक्त मुसलमानांची नाही. नंदुरबारच्या भिलोरी बोलणाऱ्या मुलीची आहे, सोलापूरच्या तेलुगू घरातल्या मुलाची आहे. म्हणूनच ती मान्य होऊ शकते.

तोवर हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. बालभारतीची पुस्तकं मराठी आणि उर्दू दोन्ही माध्यमांत आहेत आणि संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतात. सातवीचं विज्ञान दोन्ही भाषांत घ्या. धडा तोच, चित्र तेच, वाक्य शेजारी शेजारी. यापेक्षा चांगला द्विभाषिक कोश बाजारात विकत मिळणार नाही. उर्दू शाळेतल्या मुलाने आणि मराठी शाळेतल्या मुलीने आठवड्यातून दोन तास समोरासमोर बसावं. एकाने दुसऱ्याला शिकवावं, फी शून्य. मशिदीत किंवा समाजमंदिरात इशानंतर एक खोली रिकामी असतेच. महिन्याला एक अर्ज मराठीत लिहा : गटाराचा, दिव्याचा, शिष्यवृत्तीचा. खोटा नको, खरा, पोच घेऊन. भाषा पेपरात नाही, पोचपावतीत पक्की होते.

आणि शाळांच्या संस्थाचालकांना एक प्रश्न. तुमच्या उर्दू शाळेतला मराठीचा शिक्षक स्वतः मराठी वर्तमानपत्र वाचतो का? नसेल तर इमारतीला नवा रंग देण्याआधी तो शिक्षक बदला किंवा त्याला शिकवा.

दोस्तहो, तुमच्या घरात ज्या भाषा आहेत त्या विकत घ्यायला लोक पैसे मोजतात. तुम्हाला त्या अम्मीच्या मांडीवर मिळाल्या. त्या कागदावर उतरवायचं काम उरलं आहे, आणि त्याला वय आहे. आठवीत असाल तर तुमच्या हातात पाच वर्षं आहेत. अकरावीचा अर्ज भरत असाल तर भाषेच्या रकान्यासमोर थांबा आणि जिथे गुण जास्त तिथे खूण करण्याआधी एकदा विचार करा.